मुळशीत शहाणा, कोथरूडमध्ये?

हॉस्टेलमधून ट्रेन होऊन आलेला कुत्रा घरीही शहाणाच राहायला हवा असेल, तर त्याला घेऊन अख्खं शहर नव्याने फिरावं लागतं. त्या भटकंतीचा हा रूट मॅप.

पाऊस सुरू झाला की अर्धं पुणं चांदणी चौकातून पौड रोडला लागतं. तिथला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला, ऑगस्ट २०२३ मध्ये नवे उड्डाणपूल सुरू झाले. पुढे मात्र सगळं तसंच. पिरंगुटचा घाट, टपरीवरचा चहा, भाजलेलं कणीस, आंबेमोहोराची खाचरं, मुळशीचं पाणी आणि मूड असेल तर थेट ताम्हिणी. ज्या पाण्यासमोर आपण सेल्फी काढतो, त्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला होता, हे एखाद्या काकांनी सांगितलं तरच आठवतं.

या ट्रॅफिकमध्ये हल्ली आणखी एक पब्लिक असतं. मागच्या खिडकीतून बाहेर आलेलं ओलं नाक आणि वाऱ्यावर उडणारे दोन कान! मुळशीच्या पट्ट्यात कुत्र्यांची हॉस्टेलं आहेत. चार-सहा आठवडे कुत्रा तिथे राहतो, शिकतो आणि शहाणा होऊन परत येतो, असा एकंदर फंडा. आमचा मोती असाच तिकडे गेला.

मोती म्हणजे दीड वर्षाचा, तीस किलोचा लॅब्रॅडॉर. आमच्या सोसायटीत ब्रूनो, सिंबा, कोको असे सगळे हायफाय लोक. ‘मोती’ हे नाव आजीने ठेवलेलं. प्रॉब्लेम एकच, प्रेम आलं की तो अंगावर उडी मारायचा. आणि प्रेम त्याला दिवसातून पन्नास वेळा यायचं. मे महिन्यात आजीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. आजी वॉकर घेऊन घरी आली आणि बाबांनी जाहीर केलं, ‘‘आई नीट चालायला लागेपर्यंत मोती वाईला, काकांकडे.’’ अशा ‘लागेपर्यंत’ पाठवलेल्या गोष्टी परत येत नाहीत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आजीलाही. ती म्हणाली, ‘‘त्याला शाळेत घाला की! वाईला कशाला?’’ जूनमध्ये मोतीची बॅग भरली.

शेतावरची शाळा

पौडच्या पुढे मुख्य रस्ता सोडला की कच्ची वाट, बांबूचं फाटक, आत सहा-सात एकर मोकळं रान. ट्रेनर सर मूळचे तिथलेच. पाच आठवड्यांनी गेलो तेव्हा मोतीने जे काही करून दाखवलं ते सॉल्लिड होतं. सरांनी ‘सिट’ म्हटलं की खाली, ‘स्टे’ म्हटलं की पुतळा. शेजारून बकऱ्या गेल्या तरी मान वळली नाही. मग सरांनी लीश माझ्या हातात दिली. मी म्हटलं, ‘‘सिट.’’ मोतीने शांतपणे सरांकडे पाहिलं.

‘‘ताई, हा माझं ऐकतो. तुमचं ऐकायला त्याला अजून शिकायचंय,’’ सर म्हणाले. ‘‘लगेच नेऊ नका. तीन रविवार सगळ्यांनी या. आणि येताना आजींसारखा एक वॉकर आणा.’’

वॉकर? पण आणला, भाड्याने. दादा तो घेऊन आजीसारखा खुरडत शेतात चालायचा आणि मोती सतरंजीवर बसून बघायचा. वॉकरचा खडखडाट झाला की सर त्याच्या तोंडात पनीरचा तुकडा टाकायचे. दुसऱ्या रविवारी हे काम आईने केलं, तिसऱ्या रविवारी बाबांनी. बाबा! जे वाईचा पत्ता काढून बसले होते.

यामागचं कारण साधं आहे. कुत्रा ‘सिट’ हा शब्द सुटा शिकत नाही. ते गवत, तो माणूस, तो हाताचा इशारा, खिशातला चिकनचा वास, असं सगळं पॅकेज शिकतो. जागा बदलली की पॅकेज फुटतं. त्यामुळे तेच शिक्षण नव्या जागी, नव्या माणसाबरोबर पुन्हा थोडं थोडं द्यावं लागतं. सुरक्षा दलांत तर ही भानगडच ठेवत नाहीत. ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला बीएसएफचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे कुत्र्याबरोबर त्याला सांभाळणारा जवानही शिकतो आणि जोडीच बाहेर पडते. आपण घरची माणसं मात्र फी भरून मोकळे होतो!

दुसरी गोष्ट पावलोव्हने शंभर वर्षांपूर्वीच दाखवली. पचनसंस्थेवरच्या कामासाठी १९०४ चं नोबेल मिळालेले हेच ते रशियन डॉक्टर. शिकलेली गोष्ट बक्षिसाशिवाय राहिली तर विरत जाते, पण पुसली जात नाही. मध्ये काही काळ गेला की परत डोकं वर काढते. म्हणजे मोतीची उडी कुठे गेलेली नाही, ती फक्त झोपली आहे. तिला उठवायचं नाही, एवढंच आपलं काम.

स्टॉप १ : उंबरठा

जुलैमध्ये मोती कोथरूडला परतला. पहिल्या दिवशी फ्रिजवर सहा शब्दांची यादी लागली : सिट, स्टे, जागेवर, ये, सोड, चल. सगळ्यांनी हेच शब्द वापरायचे. ‘सिट’ला मराठीत ‘बस’ करू या, असं आईचं म्हणणं होतं. पण आपल्या घरात ‘बस’ किती वेळा म्हणतात ते मोजून बघा. ‘बस्स, अजून भात नको’, ‘बस चुकली’, ‘अरे बस ना जरा’. कुत्र्याने ऐकायचं तरी कुठलं? शेवटी सिटच ठेवलं. आजी ते कंडक्टरच्या थाटात ‘सीट, सीट’ म्हणते. मोतीला चालतं.

पहिले दोन आठवडे घरातही त्याच्या गळ्यात हलकी लीश राहिली. बेल वाजली की ‘जागेवर’, म्हणजे शेतावरून आणलेली तीच सतरंजी. पाहुणा आत येऊन बसला आणि मोतीचे चार पाय जमिनीवर राहिले की मगच लाड. सराव दिवसातून तीन वेळा, पाच-पाच मिनिटं. त्याहून जास्त केलं की तो कंटाळतो आणि आपणही.

स्टॉप २ : लिफ्ट

लिफ्ट म्हणजे कुत्र्यांची मॅरेथॉन मुलाखत. अरुंद जागा, अचानक उघडणारं दार, समोर शाळेचं दप्तर किंवा दुधाची पिशवी. आम्ही आधी रिकाम्या लिफ्टसमोर नुसतं दार उघडलं-बंद केलं, आत शिरलोच नाही. मग एक मजला. मग तीन. कुत्रा भिंतीच्या बाजूला, मी मध्ये.

सोसायटीत वाद होत असतील तर एक माहिती हाताशी ठेवा. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या परिपत्रकानुसार सोसायटीला कुत्रा पाळण्यावर किंवा त्याला लिफ्टमधून नेण्यावर बंदी घालता येत नाही. पण कायदा दाखवण्यापेक्षा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना ‘तुम्ही जा पुढे, आम्ही नंतर येतो’ म्हणणं जास्त कामाला येतं. स्वानुभव!

स्टॉप ३ : जंगली महाराज रोड, सकाळी साडेसहा

इथले फुटपाथ रुंद, बसायला बाक, आणि सकाळी दुकानं बंद. ‘चल’चा सराव करायला पुण्यात याहून चांगली जागा मला सापडली नाही. नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी तीच जागा, तीच वेळ, आठवडाभर. मग तीच जागा, पण आठ वाजता. मग संध्याकाळी. एकदम रविवार संध्याकाळचा फर्ग्युसन रोड गाठलात, तर त्या गर्दीत तुम्हालाही ‘सिट’ जमणार नाही.

खाऊचं गणितही इथेच बदललं. सुरुवातीला दर वेळी तुकडा. पक्कं झालं की कधी दुसऱ्या वेळी, कधी पाचव्या, कधी नुसती शाबासकी. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलंय, की कधीतरी मिळणारं बक्षीस सवय जास्त घट्ट करतं. लॉटरीचं तिकीट माणूस उगाच घेत राहत नाही. पण हीच गोष्ट उलटही चालते. एखादा मित्र ‘राहू दे गं, मला आवडतं’ म्हणत महिन्यातून एकदा उडी मारू देतो ना, ती उडी त्या एकाच वेळेवर महिनाभर जगते.

स्टॉप ४ : वेताळ टेकडी

‘ये’ म्हटल्यावर परत येणं हा सगळ्यात अवघड पेपर. त्यासाठी मोकळी जागा हवी आणि दहा मीटरची लांब दोरी. दोरी सोडायची नाही, कारण टेकडीवर मोर आहेत आणि हे वनखात्याचं रान आहे. मोर दिसल्यावरही मोती वळून आला, त्या दिवशी मी खिशातलं सगळं चिकन त्याच्यासमोर रिकामं केलं. आणि एक कळीची गोष्ट : ‘ये’ म्हणून बोलावल्यावर कधीही रागवायचं नाही, लगेच घरीही न्यायचं नाही. नाहीतर ‘ये’ म्हणजे मजा संपली, असा हिशेब तो मांडतो.

स्टॉप ५ : नदीपात्र, ऑगस्ट

गणपतीआधी म्हात्रे पुलाच्या परिसरात ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. आपल्या अंगावर काटा येतो, कुत्र्याच्या पोटात गोळा. पण त्याला आवाजाची ओळख करून द्यायला हीच संधी आहे. लांब उभं राहायचं, जिथे मोतीचे कान टवकारतात पण तो खाऊ घेतो. तोंडासमोरचा पनीरचा तुकडा नाकारला, की समजा आपण फार जवळ आलोय, मागे फिरा. आम्ही तीन आठवड्यांत थोडे थोडे पुढे सरकलो. अगदी जवळ गेलोच नाही, जायची गरजही नव्हती.

बाबा आणि वाई

सगळं छान चाललंय असं वाटत असताना सप्टेंबरमध्ये मावसभाऊ आला. दारातच छातीवर थापा मारत ‘मोत्याऽऽ ये ये!’ मोती सतरंजीवरून उठला आणि थेट त्याच्या छातीवर. मागे पॅसेजमध्ये आजी वॉकर घेऊन उभी होती. अंतर जेमतेम चार फुटांचं. तिला काही झालं नाही. पण रात्री जेवताना बाबा हळूच म्हणाले, ‘‘वाईला फोन करून ठेवू का?’’

कुणीच बोललं नाही. मी सरांना फोन लावला. ते शांत. ‘‘ताई, नापास नाही झाला तो. चार दिवस पहिलीत बसवा.’’ मग घरात पुन्हा लीश, पुन्हा सतरंजी, पुन्हा दर वेळी खाऊ. मावसभावाला मुद्दाम पुन्हा बोलावलं. मोती उठला की तो नुसता पाठ फिरवून उभा राहायचा. पहिल्या दिवशी मोतीने जास्तच उड्या मारल्या. लक्ष मिळत नाही म्हटल्यावर आधी जोर वाढतो, मग ओसरतो, हे सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. चौथ्या दिवशी भाऊ आला, मोती सतरंजीवर बसून राहिला. शेपटी मात्र फरशी झाडत होती.

आता आजी रोज संध्याकाळी बेडरूमपासून बाल्कनीपर्यंत फेऱ्या मारते. वॉकर गेला, काठी आली. ती निघाली की मोती कुणी न सांगता सतरंजीवर जातो. बाबा पेपर आडवा धरून बघत असतात. वाईचा विषय निघालेला नाही. संपलाय असंही कुणी म्हटलेलं नाही. म्हणून सराव चालू आहे.

निघण्याआधी...

■ हॉस्टेल निवडताना आधी स्वतः जाऊन बघा. शिकवताना काय वापरतात, ते विचारा. शॉक कॉलर किंवा मारझोड दिसली तर गाडी वळवा. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या वर्तनविषयक संघटनेनेही २०२१ मध्ये फक्त बक्षिसावर आधारित पद्धतीचीच शिफारस केली आहे.

■ घरच्यांसाठी किती सेशन्स आहेत, ते फी भरण्याआधी ठरवा. एकही नसेल, तर तुम्ही अर्धाच कोर्स विकत घेताय.

■ खाऊ : उकडलेलं चिकन किंवा पनीर, नखाएवढे तुकडे. तेवढं जेवण कमी करा. कांदा, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट कधीच नाही. म्हणजे खडकवासला चौपाटीवरची कांदाभजी फक्त तुमची.

■ उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत फिरून या. डांबरावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला चटका बसला, तर त्यालाही बसतो.

■ सोबत पाणी, जुना पेपर आणि पिशवी. पालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लशीची नोंद घरी तयार. बागेत शिरण्याआधी फाटकावरची पाटी वाचा.

■ आणि पाहुण्यांना दारातच सांगून ठेवा : आधी चहा, मग मोती!