दोन दिवसांचा खाडा

आपली माणसं मुंबईला दोन कारणांनी जातात. एक तर काम शोधायला, नाहीतर ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर. नांदूरघाटहून मी आजवर कितीदा तरी गेले असेन, पण मोर्चाला किंवा मंत्रालयात निवेदन द्यायला. नुसतं फिरायला कधीच नाही. यंदा पावसाळा सरता सरता आईला घेऊन दोन दिवस गेले. निघताना चळवळीतले एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "ताई, इतके प्रश्न पडलेत आणि तुम्ही सहलीला?" तेव्हा गप्प बसले. उत्तर आता देते.

आईनं बावीस हंगाम ऊस तोडला. आजारी पडून एक दिवस फडात गेलं नाही की तो खाडा. त्याचा दंड उचलीच्या हिशोबात चढतो. म्हणजे आमच्याकडे सुट्टी मिळत नाही, ती कर्ज काढून विकत घ्यावी लागते. एसटीत बसल्याबरोबर आईनं विचारलं, "दोन दिसाचे किती कापतेत गं तुझे?" काहीच कापत नाहीत, पगारी रजा आहे, हे तिला शेवटपर्यंत खरं वाटलं नाही.

पहिल्या दिवशी बॅलार्ड इस्टेट पाहिलं. दगडी इमारती, रुंद रस्ते, झाडांची सावली. बंदराचा हा काठ आता नव्यानं सजतो आहे. बॅलार्ड पिअरला मोठ्या क्रूझसाठी टर्मिनल झालंय, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्यांसकट माणसं नेणारी रो-रो बोट सुटते. मी आईला सांगितलं, १४ ऑगस्ट १९३१ ला बाबासाहेब मणिभवनात गांधीजींना भेटले आणि दुसऱ्याच दिवशी मुंबईहून 'मुलतान' बोटीनं दुसऱ्या गोलमेज परिषदेला निघाले. विलायतेच्या टपालबोटी त्या काळी याच धक्क्याला लागत. आईनं चप्पल काढून बाजूला ठेवली. तिला काय सांगणार? मीही काढली.

पण मला बोलायचंय ते दुसरंच. बॅलार्ड इस्टेट उभं आहे ते अलेक्झांड्रा डॉक खोदताना निघालेल्या मातीच्या भरावावर. वास्तुकलेची पुस्तकं जॉर्ज विटेटचं नाव सांगतात. माती कुणी वाहिली हे कोण सांगणार? १४ एप्रिल १९४४, म्हणजे भर जयंतीच्या दिवशी, व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, त्यांची आठवण दरवर्षी काढली जाते आणि काढलीच पाहिजे. एकूण मृतांचा आकडा मात्र कुठे आठशे, कुठे तेराशे लिहिलेला सापडतो. पाचशे माणसांचा फरक! समाजशास्त्र शिकताना आम्हाला सांगायचे की आकडे तटस्थ असतात. कुणाला मोजायचं हे ठरवणारा कधी तटस्थ असतो का?

या गोदीत माणसं टोळीनं कामाला लागत आणि त्यांना आणणाऱ्याला टोळीवाला म्हणत. शब्द ऐकून आई थांबलीच. "म्हंजी मुकादमच की." तेच. फरक इतकाच की १९४८ साली गोदी कामगारांच्या नोकरीचं नियमन करणारा कायदा झाला आणि रोजंदारीवरच्या माणसाचं नाव नोंदवहीत येण्याची वाट मोकळी झाली. ऊसतोड कामगारांच्या नावानं आज महामंडळ आहे, पण फडातल्या बाईला ठरलेले तास आणि पगारी सुट्टी अजून कुठे आहे?

आता त्या सहकाऱ्यांना उत्तर. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कारखान्यातल्या कामगारांसाठी पगारी सुट्टीचं विधेयक आणलं. १९४५ ला तो कायदा झाला. १९४६ ला आठवड्याचे कमाल तास ५४ वरून ४८ वर आले, त्यामागेही तेच होते. सुट्टी ही मालकाची मेहरबानी नाही, कामगाराचा हक्क आहे, हे आपल्याला त्यांनी शिकवलं. आणि आपण मात्र फिरायला गेलेल्या कार्यकर्त्याला कामचुकार ठरवतो. हा मुकादमाचाच हिशोब आहे, फक्त निळ्या वहीत लिहिलेला. विश्रांती, सागरकिनारा, चित्रांचं दालन हे सगळं सवर्ण मध्यमवर्गाला आंदण दिलंय का कुणी?

दुसऱ्या दिवशी पहाटे ससून डॉकला गेलो. १८७५ ची गोदी. २०१७ साली इथं कलामहोत्सव झाला, गोदामं आणि भिंती चित्रांनी रंगल्या, एरवी नाक दाबून जाणारी मुंबई रांगा लावून आली. मला ते आवडलं, उगाच नावं ठेवणार नाही. पण आईनं भिंतींकडे फारसं पाहिलं नाही. कोळंबी सोलत बसलेल्या बायकांपाशी ती उकिडवी बसली आणि एकीला विचारलं,

"बाई, खाड्याचे किती कापतेत तुमच्यात?"

"कापायचं काय त्यात? आलं नाही तर पैसेच नाहीत."

"अन् दंड?"

"दंड नाही."

आई माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ, हितं दंड तरी नाही." मग तिनं समोरच्या ढिगातली एक कोळंबी उचलली, ती कशी सोलतात ते त्या बाईकडून शिकून घेतलं, आणि परतीच्या गाडीला वेळ आहे का, असं दिवसभरात पहिल्यांदाच विचारलं नाही.