कोठीतली धूळ

मुलांनो, १९९३ हे साल उमरग्यात कोणी विसरत नाही. त्या वर्षी ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. मी तेव्हा अगदी लहान होते. त्याच वर्षी मे महिन्यात दूर अमेरिकेत, न्यू मेक्सिको राज्यात, नवाहो जमातीचा एक तरुण धावपटू अचानक धाप लागून मरण पावला. आणखीही धडधाकट माणसे तशीच गेली.

जमातीतले वृद्ध म्हणाले, पाऊस चांगला झाला की रानात बिया वाढतात आणि बिया वाढल्या की उंदीर वाढतात. डॉक्टरांनी त्यांचे ऐकून घेतले, हे मला फार आवडते. उंदरांच्या लघवीत आणि लेंड्यांत हंता जातीचा विषाणू सापडला. लेंड्या वाळतात, त्यांची धूळ होते आणि ती श्वासावाटे आत जाते.

तो अमेरिकन उंदीर आपल्याकडे नाही. पण हंताच्या कुळातला एक विषाणू १९६४ साली तमिळनाडूत, वेल्लोर येथे, चिचुंद्रीत सापडला होता. आणि ज्वारीच्या कोठीत उंदीर कोणाकडे नाहीत? आमची अम्मी कोठी झाडण्याआधी दार उघडे ठेवते आणि जमिनीवर पाणी शिंपडते. डॉक्टरही हेच सांगतात; फक्त पाण्यात जंतुनाशक घालायला लावतात.

हा आजार प्रथम साध्या तापासारखा वाटतो. अंग दुखते. काही दिवसांनी खोकला आणि धाप सुरू होते. फुप्फुस, म्हणजे तुमच्या उर्दूतले फेफडे, केसांहून बारीक रक्तवाहिन्यांनी विणलेले असते. विषाणू त्यांच्या अस्तरात शिरतो. तो अस्तर फारसे फाडत नाही. शरीराची आपलीच फौज त्याच्यावर तुटून पडते आणि त्या धुमश्चक्रीत वाहिन्या नव्या माठासारख्या पाझरू लागतात. जवळ नदी नाही, विहीर नाही, तरी माणूस आपल्याच अंगातल्या पाण्यात बुडू लागतो.

इकडे रक्त घट्ट होते. हृदयाचे आकुंचन दुबळे पडते, रक्तदाब घसरतो. पुष्कळ रोगी शेवटी हृदय थकल्यामुळे जातात. दहांपैकी तीन-चार वाचत नाहीत. खात्रीचे औषध अजून नाही. मोठ्या इस्पितळांत रोग्याचे रक्त यंत्रात नेतात, त्यात प्राणवायू मिसळतात आणि परत शरीरात सोडतात. तेवढे दिवस हृदयाला आणि फुप्फुसांना विसावा मिळतो.

“मग फेफडे पुन्हा कोरडे होतात का?” वर्गात एका मुलीने विचारले. होतात. रोगी तेवढे दिवस तगला, तर वाहिन्यांचे पाझरणे थांबते आणि हृदयही पुन्हा जोराने चालू लागते. थकवा मात्र कित्येक महिने राहतो.