दिवा लागण्याआधी

मारुती ८०० च्या डॅशबोर्डवर झारीचं चित्र असलेला लाल दिवा असतो. किल्ली फिरवली की लागतो, इंजिन सुरू झालं की विझतो, आणि पुढे बहुतेक मालक त्याला विसरून जातात. ऑइल प्रेशर चौरस सेंटीमीटरला अर्ध्या किलोच्याही खाली घसरलं की तो पुन्हा लागतो. तोवर क्रँक आणि बेअरिंगच्या मधला ऑइलचा थर तुटलेला असतो आणि धातू धातूला घासत असतो. तीन किलोचं प्रेशर हळूहळू दीडवर येत होतं तेव्हा दिव्याला त्याचा पत्ताच नव्हता. जुन्या गाडीला ऑइल गेज बसवायचं ते नेमकं त्या काळासाठी.

पूर्वी हे सांगावं लागत नसे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या डॅशबोर्डवर ऑइल प्रेशरचा स्वतंत्र काटा होता. पुढे कार घरगुती झाल्या, डॅशबोर्ड सुटसुटीत झाले आणि काट्याच्या जागी दिवा आला. माझ्याकडे गेज मागायला येतात ते बहुतेक कारखान्यांतून निवृत्त झालेले लोक : मायकोतले, महिंद्रातले, ओझरच्या एचएएलमधले. ओझरचा कारखाना १९६४ मध्ये मिग विमानांसाठीच उभा राहिला. तिथून निवृत्त झालेले एक काका आपली ८०० घेऊन आले आणि म्हणाले, "सगळी नोकरी काट्यांसमोर गेली हो. स्वतःच्या गाडीत नुसत्या दिव्यावर कसा विश्वास ठेवू?" अशा गिऱ्हाइकाचं काम करताना हात आपोआप सावध चालतो.

खरं काम सुरू होतं आट्यांपासून. मूळ ऑइल स्विच काढायचा, तिथे टी-जोड लावायचा, एका तोंडाला जुना स्विच आणि दुसऱ्याला गेजचं सेंडर. सांगायला एवढंच. पण सुझुकीच्या इंजिनावरचं भोक १/८ इंची ब्रिटिश पाइपच्या आट्यांचं, इंचाला २८ आटे. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच गेजसोबत येतो तो अमेरिकन आट्यांचा जोड, इंचाला २७. डोळ्यांना फरक दिसत नाही. जोड हातानं एक-दोन फेरे जातोही, मग अडतो. इथे ज्यानं पाना उचलला त्यानं आटे खाल्ले. ॲल्युमिनियमचं हाउसिंग असेल तर तडाही जातो. म्हणून आधी आटे मोजायचं पिच गेज लावून पाहायचं. दातरी आट्यांत चपखल बसली, उजेडासमोर धरून मधून फट दिसली नाही, तरच जोड आपला. नसेल तर योग्य आट्यांचा ॲडॉप्टर लेथवर करून घ्यायचा. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत लेथवाल्यांना तोटा नाही, आणि हे काम त्यांना आवडतं.

गेज दोन जातींची. मेकॅनिकल गेजमध्ये ऑइल स्वतःच नळीतून काट्यापर्यंत येतं. आत एक वाकडी, चपटी नळी असते, दाबानं ती उलगडू पाहते आणि काटा फिरतो. युजीन बूर्दाँनं १८४९ मध्ये पॅरिसला पेटंट घेतलेली ही युक्ती अजून जशीच्या तशी चालते. आकडा तीच सगळ्यांत खरा देते. पण गाडी चालवणाऱ्याच्या गुडघ्याशी तापलेलं ऑइल खेळवायचं म्हणजे नळीचं काम चोख हवं. इंजिनाच्या थरथरीनं तांब्याची नळी कडक होते आणि एक दिवस चिरते. भांडी बाजारातल्या कुठल्याही तांबटाला हे ठाऊक असतं : ठोकून ठोकून तांबं कडक झालं की तो भांडं तापवून पुन्हा मऊ करतो. गाडीत ती सोय नाही. म्हणून नळीला इंजिनाजवळ दोन-तीन वेटोळी द्यायची, म्हणजे थरथर तिथेच जिरते, आणि पत्र्यातून नळी आत घेताना भोकाला रबरी ग्रोमेट बसवायचं. नायलॉनची नळी मी घरगुती गाडीत लावत नाही. एक्झॉस्टला टेकली की वितळते.

इलेक्ट्रिक गेजमध्ये आत येते ती फक्त वायर, म्हणून मी बहुतेकांना तेच सुचवतो. मात्र सेंडर आणि मीटर एकाच जोडीचे हवेत. व्हीडीओ पद्धतीच्या सेंडरचा रेझिस्टन्स १० ओमपासून १८० पर्यंत चढतो, अमेरिकन पद्धतीचा २४० वरून ३३ वर उतरतो. अदलाबदल झाली तर प्रेशर वाढताना काटा खाली जातो. शिवाय जड सेंडर थेट टी-जोडावर लटकवला तर थरथरीनं जोडाची मान तुटते आणि सगळं ऑइल रस्त्यावर. सेंडर बॉडीला क्लँपनं बांधावा, इंजिनापर्यंत जाळीदार होज न्यावा, आणि सेंडरला वेगळी अर्थ वायर द्यावी. टेफ्लॉन टेप नको. तिचा तुकडा ऑइलच्या वाटेत गेला तर कुठे अडकेल सांगता येत नाही. दिवा मात्र मी कधीच काढत नाही. समोर रस्ता पाहणाऱ्या माणसाचं लक्ष काट्याकडे नसतं.

काटा बसला की मालकाला एक वही द्यायची. डिसेंबरातल्या थंडीत, सकाळी पहिल्या स्टार्टला काटा उंच जाणारच. ऑइल घट्ट असतं. त्या आकड्यावर खूश होऊ नये. मुंबईहून येताना कसारा घाट चढून, इगतपुरी मागे टाकून घोटीच्या टोल नाक्यावर गाडी थांबते, ऑइल पुरतं तापून पातळ झालेलं असतं आणि इंजिन आयडलला असतं. तेव्हाचा आकडा लिहावा. चालत्या गाडीसाठी जुन्या मेकॅनिकांचा ठोकताळा आहे, दर हजार आरपीएमला पाऊण किलोच्या आसपास. मॅन्युअल हाताशी असेल तर त्यातलाच आकडा प्रमाण. पण एकाच जागी, त्याच ऑइलवर, महिनोन्महिने लिहिलेले आकडे मला मॅन्युअलपेक्षाही जास्त सांगतात.

आकडा उतरू लागला की लोक जाड ऑइल मागतात. जुन्या गाड्यांच्या विक्रीत तर जादा प्रेशर सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर घालून काटा वर चढवलेलाही मी पाहिलाय. दिव्याची वायर तोडून ठेवलेलीही पाहिलीय. जुनी गाडी घेणाऱ्यानं म्हणून किल्ली फिरवून, स्टार्टर मारायच्या आधी, दिवा लागतो का ते पाहावं. पंप फक्त ऑइल ढकलतो. प्रेशर तयार होतं ते बेअरिंगच्या बारीक फटींतून ऑइलला अडून जावं लागतं म्हणून. फटी रुंदावल्या असतील तर वॉशरनं त्या भरत नाहीत.

काकांच्या वहीत घोटीचा आकडा घसरत गेला तेव्हा इलेक्ट्रिक मीटरवर विसंबून इंजिन खोलायला मी तयार नव्हतो. गॅरेजमधलं मेकॅनिकल गेज लावून पाहिलं, दोन्ही काटे एकच बोलले. मग इंजिनाखालचा ऑइल संप उतरवला. बेअरिंगच्या कवचांवर वरचा थर झिजून तांबूस पट्टा दिसत होता, पण क्रँकवर नख फिरवलं तर कुठे ओरखडा लागत नव्हता. नवी बेअरिंगं पुरली. क्रँक ग्राइंडिंगला पाठवावा लागला नाही.