कपडे सांभाळणारा

समुद्रावर गेलेल्या प्रत्येक कुटुंबात एक कपडे सांभाळणारा असतो. बाकीची मंडळी पाण्यात शिरतात, किंचाळतात, एकमेकांच्या अंगावर पाणी उडवतात, आणि हा बिचारा कोरड्या वाळूत चपलांच्या राशीशेजारी बसून, कुणाचे घड्याळ, कुणाचा चष्मा, कुणाचे पाकीट मांडीवर घेऊन, "फार आत जाऊ नका रे!" एवढे एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत असतो. आमच्या घराण्यात हे पद गेली पस्तीस वर्षे माझ्याकडे आहे. अलिबाग म्हणू नका, गणपतीपुळे म्हणू नका, कॉलेजची सहल म्हणू नका. मी सगळीकडे कपडेच सांभाळले आहेत. पण हेच पद मला एक दिवस पोर्तुगालात, अटलांटिक महासागराच्या काठी भूषवावे लागेल असे भविष्य एखाद्या ज्योतिषाने सांगितले असते, तर मी त्याच्याकडून दक्षिणा परत मागितली असती.

त्याचे झाले असे. माझ्या ताईचा मुलगा लिस्बनला शिकतो. शिकतो म्हणजे आठवड्यातले पाच दिवस शिकतो. शनिवार उजाडला की एक लांबलचक फळी काखोटीला मारून हे चिरंजीव समुद्र गाठतात आणि त्या फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत येण्याचा खेळ खेळतात. या खेळाला सर्फिंग म्हणतात, हे आता आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ताईलाही ठाऊक होते. तिला ठाऊक नव्हते ते एवढेच की आपला मुलगा तो खेळतो. ज्या दिवशी त्याच्या कुणा मित्राने पाठवलेला फोटो तिने पाहिला, त्या दिवसापासून तिची झोप उडाली.

"फोनवर सांगितलं की 'हो आई' म्हणतो आणि शनिवारी पुन्हा जातो," ती मला म्हणाली. "सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मला हलता येत नाही. तू समक्ष जा. मराठीचा प्राध्यापक आहेस, चार शब्द पटतील असे सांगता येतात तुला."

मराठीच्या प्राध्यापकाने शब्दांच्या जोरावर कुणाचे मन वळवल्याचे एकही उदाहरण माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या पाहण्यात नाही. पण तिकीट ताईने स्वतःच्या पैशाने काढलेले होते, आणि विमानाचे तिकीट हातात पडल्यावर असली सत्ये बोलून दाखवणे मला प्रशस्त वाटले नाही. गेल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात मी लिस्बनला उतरलो. आणि पहिल्याच शनिवारी भाच्याने मला बसमध्ये घातले व दोन तासांच्या आत नाझारे नावाच्या गावी नेले. म्हणजे ज्याला समुद्रापासून परावृत्त करायचे, तोच मला समुद्रावर घेऊन निघाला होता!

बसमधून उतरतो न उतरतो तोच काळ्या पोशाखातल्या एका म्हातारीने आम्हांला गाठले. डोक्याला रुमाल, गुडघ्यापर्यंत घेरदार झगा, आणि हातात पुठ्ठ्याची पाटी: 'खोल्या भाड्याने मिळतील', तीही चार भाषांत. भाच्याने तिच्याशी पोर्तुगीजमध्ये घासाघीस केली आणि तिने माझ्या हातावर एक किल्ली ठेवून "शाव्ह" असे काहीसे म्हटले. मी दचकलोच. ही तर आपली चावी! मग मी कान टवकारले. खोलीच्या कोपऱ्यात पाण्याची बादली होती, तिला ती 'बाल्द' म्हणाली. भाजीच्या दुकानात बटाट्यावर चक्क 'बटाटा' अशी रोमन अक्षरांतली पाटी होती. गोवा १५१० मध्ये पोर्तुगीजांनी घेतला तेव्हापासून ही शब्दांची ये-जा चालू आहे. पगार, काजू, पाव, चावी, बादली ही यादी मी वर्गात दरवर्षी सांगतो, मुले ती परीक्षेपुरती लिहून घेतात, आणि मी पुढच्या मुद्द्याकडे वळतो. पण तोच शब्द एका म्हातारीच्या तोंडून, तिच्या घराच्या उंबऱ्यावर ऐकणे ही निराळी गोष्ट. मला माहेरच्या माणसाने ओळख दिल्यासारखे वाटले. भाचा म्हणाला, "मामा, हसतोस काय एकटाच?"

नाझारेचा किनारा पाहायचा तर आधी कड्यावर गेले पाहिजे. गावाच्या उत्तरेला सुमारे ११० मीटर उंचीचा ताठ कडा आहे. वर 'सीतिउ' नावाची जुनी वस्ती आहे आणि १८८९ सालापासून चालत आलेली एक तिरपी गाडी माणसांना दोराने खालून वर ओढून नेते. वरून पाहिले तर खाली पिवळसर वाळूची कोयरी पसरलेली. किलोमीटरभराहून लांब, आणि रुंद इतकी की आमच्या कॉलेजचे मैदान तिच्यात सहज कित्येक वेळा मावेल. काठाला पांढरी घरे, तांबडी कौले, आणि वाळूवर रांगेने उभे राहू लागलेले कापडी पट्ट्यापट्ट्यांचे तंबू. या कड्याच्या टोकाला एक चिमुकले देऊळ आहे. ११८२ साली धुक्यातून हरणाचा पाठलाग करणारा एक सरदार इथे घोड्यासकट दरीत कोसळणार, तोच त्याने मेरीमातेचा धावा केला आणि घोडा कड्याच्या टोकावर थबकला, अशी आख्यायिका आहे. वास्को द गामाही इथे दर्शनाला आला होता, असे तिथले लोक सांगतात. समुद्राकडे निघालेल्या माणसाला नवस बोलावासा वाटतो, एवढे त्यावरून खरे.

कड्याच्या पलीकडच्या अंगाला मात्र दुसराच समुद्र आहे. तिथल्या किल्ल्यावर दीपगृह आहे आणि त्याच्या गच्चीवरून उत्तरेचा किनारा, प्राइया दु नोर्त, दिसतो. जगातल्या सर्वांत उंच लाटांपैकी काही लाटा इथे उठतात. २०११ च्या नोव्हेंबरात गॅरेट मॅकनमारा नावाचा अमेरिकन इथल्या ७८ फूट लाटेवरून घसरत आला, तेव्हा या मासेमाऱ्यांच्या गावाचे नाव जगभर झाले. २०२० च्या ऑक्टोबरात सेबास्टियन श्टॉइटनर या जर्मनाने ८६ फुटांची लाट घेतली. ८६ फूट म्हणजे आमच्या पुण्यातली आठ मजली इमारत! आणि जानेवारी २०२३ मध्ये एका नामांकित ब्राझिलियन खेळाडूने इथेच प्राण गमावले. हे शेवटचे मला भाच्यानेच सांगितले. लपवाछपवी करणाऱ्यांतला तो नव्हे.

"पण इथेच का?" मी विचारले.

त्याने वाळूत बोटाने नकाशा काढला. किनाऱ्यापासून समुद्राच्या तळाशी एक प्रचंड घळ सुरू होते. दोनशे किलोमीटरहून लांब, आणि पुढे पाच किलोमीटरपर्यंत खोल. उथळ तळावरून येणारी लाट तळाशी अडखळते, मंदावते; घळीवरून येणारी लाट मात्र आपला वेग आणि जोर राखून येते. वेग निराळे झाल्यामुळे लाट वाकते, तिचे दोन भाग कड्यापाशी एकमेकांवर चढतात, आणि त्यांत किनाऱ्यावरून परतणाऱ्या प्रवाहाची भर पडते. "पण हे सगळं ऑक्टोबर ते मार्च, मामा. आत्ता तो झोपलाय. आणि मी तिकडे जात नाही. मी गावाच्या बाजूला, चार-पाच फुटांच्या लाटांत खेळतो. हे आईला सांग."

मी मान हलवली. माझी चार शब्दांची पुंजी मी संध्याकाळसाठी राखून ठेवली होती.

संध्याकाळी आम्ही खालच्या वाळूवरून चाललो होतो. एका बाजूला लाकडी चौकटींवर जाळी ताणून तिच्यावर मासे वाळत घातले होते; बांगड्याच्या तोंडावळ्याचे, पोट चिरून पुस्तकासारखे उघडलेले. काळ्या झग्यातल्या बाया त्यांची राखण करीत बसल्या होत्या. पूर्वी इथे बंदर नव्हते; ते १९८० च्या दशकात झाले. तोपर्यंत होड्या सरळ लाटांतून या वाळूवर येत आणि बैल लावून वर ओढल्या जात. नवरा-मुलगा आत असताना बाया वाळूवर वाट पाहत बसत. त्यांचे सात झगे प्रसिद्ध आहेत. थंडीवाऱ्यात अंगाभोवती घ्यायला म्हणून सात, असे कुणी सांगतात. लाटा सातासातांच्या गटाने येतात, त्या मोजायला म्हणून सात, असेही सांगतात.

वाळत्या माशांचा तो वास आला आणि मी थांबलो. आम्ही पक्के शाकाहारी. पण सुट्टीत गुहागरला आजोळी गेलो की सुरूच्या बनापलीकडून हाच वास येई. एवढ्यात भाच्याने, जणू त्याच्याही नाकाला तेच कळले असावे तसे विचारले, "मामा, मोठे मामा गेले ते नक्की कसे? आई फोटोला हार घालते, पण सांगत नाही."

मग मी सांगितले. १९९० चा मे महिना. दादा एकोणीस वर्षांचा, ताई सोळाची, मी दहाचा. दादा उत्तम पोहणारा. मला त्याने वाळूवर बसवले, शर्ट आणि घड्याळ माझ्या मांडीवर ठेवले आणि म्हणाला, "हलू नकोस." थोड्या वेळाने मला दिसले की तो दूर दूर चालला आहे. मी उठून ओरडू लागलो, "दादा, ये! इकडे ये!" त्याने ऐकले. तो माझ्याकडे तोंड करून सरळ माझ्या दिशेने पोहू लागला. हात मारीत होता आणि जागचा हलत नव्हता. किती वेळ, मला सांगता येणार नाही. घड्याळ माझ्याच हातात होते. मी पाहिले नाही.

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "तो परतीचा प्रवाह होता, मामा. तो माणसाला बुडवत नाही, नुसता आत ओढून नेतो. त्याच्या विरुद्ध किनाऱ्याकडे पोहायचं नसतं. दमून माणूस जातो. आडवं पोहायचं, किनाऱ्याला समांतर. पट्टा अरुंद असतो. बाहेर पडलं की लाटाच परत आणतात. इथे पहिल्या दिवशी पहिलं हेच शिकवतात."

आडवे पोहायचे. एवढेच! आणि मी त्याला सरळ माझ्याकडे बोलावीत होतो.

हे मी मोठ्याने बोललो असलो पाहिजे, कारण भाच्याने माझा दंड धरला. "तू दहा वर्षांचा होतास," तो म्हणाला. "आणि तू ओरडला नसतास तरी ते किनाऱ्याकडेच वळले असते. शिकवलं नसेल तर सगळेच तसं करतात."

त्या रात्री मला झोप लागली नाही. ताईने सोपवलेले चार शब्द काही केल्या आठवेनात. आठवले असते तरी ते कुणी कुणाला सांगायचे, हा प्रश्नच होता.

सकाळी त्याने काळा रबरी पोशाख अंगावर चढवला. तिथले पाणी जूनमध्येही बेताचेच गार नसते; हाडे गोठतात. माझ्यापुढे त्याने चष्मा, पाकीट आणि फोन धरला. "मामा, धरशील?"

मी धरले. पाण्याकडे निघण्यापूर्वी तो वाळूवर उभा राहून पाच-सात मिनिटे नुसता समुद्र पाहत होता. "ती जागा बघ," त्याने बोट दाखवले, "जिथे लाटा फुटत नाहीत, पाणी जरा गढूळ आणि सपाट दिसतं. माणसाला वाटतं तिथेच शांत आहे. प्रवाह तिथे आहे." मी पाहिले. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये एक निवांत, काळसर वाट. पस्तीस वर्षांपूर्वी दादा अशीच वाट निवडून आत शिरला होता.

भाचा त्या वाटेला टाळून आत गेला. पोटावर झोपून हातांनी वल्हवत लाटांपलीकडे पोहोचला आणि इतर डोक्यांत एक काळे डोके होऊन बसला. मी ओरडलो नाही. तोंड घट्ट मिटून मी लाटा मोजू लागलो. चौथ्या लाटेला माझ्या मांडीवरचा फोन वाजला. पडद्यावर 'आई' अशी अक्षरे होती. मी तो उचलला नाही. वाजून वाजून तो थांबला, पुन्हा वाजला. तेवढ्यात एक लाट उठली, आणि तिच्या पाठीवर भाचा आधी गुडघ्यांवर, मग दोन पायांवर, हात पसरून उभा राहिला आणि बघता बघता माझ्याच दिशेने, सरळ, येत राहिला. गुडघाभर पाण्यात फळीवरून उडी मारून तो उतरला तेव्हा मी कधी पाण्यात आलो होतो ते मला कळले नव्हते. माझे बूट, विजारीचे पाय भिजले होते. चष्मा, पाकीट, फोन मात्र मी डोक्यावर धरले होते.

ओल्या हातानेच त्याने आईला फोन लावला. काही लपवले नाही. पाण्यात होतो म्हणाला. मामाने मोठ्या मामांचे सगळे सांगितले, असेही म्हणाला. नंतर बराच वेळ तो नुसता ऐकत होता. मग त्याने फोन माझ्याकडे दिला.

मी "ताई," म्हटले आणि वाट पाहिली. रागावेल, रडेल, तिकिटाचे पैसे काढेल, असे सगळे माझ्या मनात येऊन गेले. पलीकडून काही वेळ काहीच आले नाही. मग ती म्हणाली,

"पाणी फार गार असतं का रे तिथलं?"