कड्यातला ठिपका

मेंदूचे आणि फुप्फुसाचे आजार स्कॅनमध्ये कसे दिसतात ते लिहा, असं संपादकांनी सुचवलं. सावल्यांसारखे दिसतात. सावलीवर आजाराचं नाव लिहिलेलं नसतं. ते आम्ही रेडिऑलॉजिस्ट देतो, आणि देताना चुकतो. माझी गेल्या पावसाळ्यातली चूक अजून मनातून जात नाही.

19 वर्षांचा मुलगा. पहाटे गोठ्यात धार काढताना फीट आली. एमआरआयच्या दारात टेक्निशियनने गळ्यातली माळ काढायला सांगितली, तर आई पुढे झाली. "तुळशीची हाय, दोऱ्यात ओवल्याली. ती काढत न्हाईत." धातू नव्हता. माळ राहू दिली.

मेंदूच्या डाव्या भागात, पृष्ठभागालगत, 14 मिलिमीटरचं कडं दिसलं. शिरेतून औषध दिल्यावर उजळणारं, भोवती सूज. अशा कड्याची आपल्याकडे मुख्य कारणं दोन: क्षयाची गाठ किंवा फीतकृमीची अळी. स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे एमआरआयवरच गाठीतल्या रसायनांची तपासणी, केली. क्षयगाठीत 1.3 या आकड्यापाशी चरबीचं शिखर उठतं. तसं ते उठलंही, पण कडं इतकं वर असलं की टाळूच्या कातडीतली चरबीही त्यात मिसळते. छातीच्या एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या माथ्याशी जुना व्रण होता. त्या व्रणाने मला ओढून नेलं. 'क्षयगाठ अधिक संभवते,' असं मी लिहिलं. एकेटी, म्हणजे क्षयाची औषधं, सुरू झाली. दीड महिन्यात पोराला कावीळ झाली.

मला हे जास्त लागतं, कारण हा धडा आपल्याच देशात शिकलेला आहे. सीटी स्कॅन आल्यावर फीट येणाऱ्यांच्या मेंदूत अशी लहान कडी दिसू लागली आणि ती सर्रास क्षयाची मानली गेली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मॅथ्यू चांडी आणि वेदांतम राजशेखर यांनी अशा गाठी काढून तपासल्या, तर बहुतेकींत अळी निघाली. 1989 साली हे 'लॅन्सेट'मध्ये आलं. त्यांचे निकष आजही पाठ असावेत असे आहेत: कडं 20 मिलिमीटरहून लहान, मेंदूची मधली रेषा फारशी सरकलेली नाही, डोक्यातला दाब वाढलेला नाही, हातापायांतली ताकद दिवसेंदिवस कमी होत नाही, शरीरात दुसरीकडे चालू आजार नाही. चालू! जुना व्रण म्हणजे चालू क्षय नव्हे.

औषधं थांबवून पुन्हा एमआरआय केला, या वेळी पातळ काप घेऊन. कडं आक्रसलं होतं आणि आत, एका कडेला, ठिपका होता. अळीचं डोकं. मग जुना स्कॅन उघडला. एका कापात तो पुसट ठिपका तिथेही होता.

आईला मीच सांगितलं. ती म्हणाली, "आमी माळकरी. सात पिढ्यांत कुणी मटान शिवलं न्हाई. डुकराचा किडा ह्याच्या डोक्यात कसा?" हा प्रश्न मला वर्षानुवर्षं ऐकू येतो. कच्चं राहिलेलं डुकराचं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात फीतकृमी होतो. त्याची अंडी त्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात, आणि न धुतलेल्या हातांतून, पाण्यातून, कोथिंबिरीच्या जुडीतून कुणाच्याही पोटात जातात. मेंदूत अळी होते ती या अंड्यांमुळे. शाकाहाराने ती टळत नाही. तरी लोक लाजेने आजार लपवतात, औषध अर्धवट सोडतात.

"मग कावीळ कशानं झाली?" तिने विचारलं.

"औषधानं," मी म्हणालो. "आणि ते औषध माझ्या रिपोर्टवरून सुरू झालं होतं."

ती पोराच्या गळ्यातली माळ नीट करत बसली. पातळ कापांची ती मालिका घ्यायला पाचेक मिनिटं लागतात. पहिल्या स्कॅनच्या दिवशी बाहेर नऊ पेशंट थांबले होते, म्हणून मी ती घेतली नव्हती.