धुऱ्यावरचा बांबू

आमचा मौदा तालुका धानाचा. बांधीत पाणी, धुऱ्यावर झाड, ही जुनी मांडणी. आबाजींच्या धुऱ्यावर बाभळी होत्या, एक मोह होता आणि कोपऱ्यात कटांग बांबूचं बेट. बाभूळ नांगर-वखराला जायची. बांबू बुरडाकडे जायचा आणि सूप, टोपली, ढोली होऊन आमच्याच घरी परत यायचा. झाड कार्बन धरून ठेवते, असं तेव्हा कुणी म्हणत नव्हतं.

ही भाषा गावात आली ती अलीकडे. एक माणूस मोटरसायकलवर रोपांची यादी घेऊन आला. नीलगिरी, सुबाभूळ, मिलिया डुबिया. "पाच-सहा वर्षांत तोडा, वरून कार्बनचेही पैसे." शेजारचे काकाजी हो म्हणायच्या बेतात होते. पोरं पुण्यात, रोवणीला मजूर मिळत नाही. तरी त्यांनी विचारलंच, "तोडल्यावर मंग तो कार्बन कुठं जाते बाप्पा?"

तो माणूस हसला अन् चहा पिऊन गेला.

मी मात्र हिशेब मांडून बसलो. वाळल्या लाकडाचं जवळपास निम्मं वजन कार्बनचं असतं. शंभर किलो वाळलं लाकूड म्हणजे हवेतून ओढलेला सुमारे १८० किलो कार्बन डायऑक्साइड. आता आमच्याच मौद्याचं औष्णिक वीज केंद्र घ्या. पहिला संच २०१३ मध्ये सुरू झाला. आता चार संच मिळून क्षमता २३२० मेगावॅट. कोळशाच्या एका युनिट विजेमागे किलोभराच्या आसपास हा वायू निघतो. चारही संच पूर्ण ताकदीनं तासभर चालले तर दोन हजार टनांवर. म्हणजे एका तासासाठी अशी अकरा हजार झाडं!

आणि तीच झाडं तोडून जाळली, तर धरलेला वायू पुन्हा हवेत. त्या लाकडानं तेवढा कोळसा वाचला तर तो फायदा खरा, पण त्याला साठवण म्हणता येत नाही. कागद केला तर त्याची रद्दी व्हायला किती दिवस लागतात? सागाला वाढायला पन्नास-साठ वर्षं लागतात, पण त्याची चौकट घराइतकीच टिकते.

बांबूची चाल निराळी. पावसाळ्यात वास्ता निघतो, दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठतो, मग तीनेक वर्षं नुसता पिकतो. पिकलेली काठी काढली तरी बेट उभंच, जमिनीतला कंद तसाच. २०१७ मध्ये वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला, तेव्हापासून शेतातला बांबू तोडणं, नेणं सोपं झालं. पण बांबूही अमर नाही. आयुष्यात एकदा फुलतो आणि बेट वाळून जातं. आमचं बेट फुललं त्या वर्षी आईनं त्याचं बी भातासारखं शिजवलं होतं. पुढे त्या जागी नुसती खुंटं राहिली.

हे सगळं काकाजींना सांगितलं. त्यांनी बांधी धानालाच ठेवली. धुऱ्यावर बांबू लावला, अधेमधे सागाची दहा रोपं. या वयात साग कशाला, असं लोक विचारतात.

"मी नाई तं नातू पाहीन," एवढंच म्हणतात.