आधी विचार, मग हात लाव

चि. चिमीस,


तुझी मेल काल रात्री वाचली आणि झोपेचं खोबरं झालं. तू विचारलंस एवढंच, की संपादनाचे पानामागे किती पैसे घ्यावेत आणि पुस्तकात संपादक म्हणून नाव मागावं का. पण जाता जाता लिहिलंस, ‘हस्तलिखित फारच कच्चं होतं, मी जवळजवळ सगळं नव्यानं लिहून काढलं.’ वर त्याचा अभिमानही! सोबत पाठवलेलं प्रकरण मी दोन्ही रूपांत शेजारी ठेवून वाचलं. तुझं रूप छान आहे, वादच नाही. फक्त ते तुझं आहे, आठवणी लिहिणाऱ्या बाईंचं नाही.

बाई यवतमाळकडच्या, जन्मभर आरोग्यसेविका म्हणून पायपीट केलेल्या. त्या मध्येच गोष्ट सोडतात, गावातल्या कुणाची तरी खबर सांगतात आणि परत बाळंतिणीच्या उशाशी येऊन बसतात. तू ते सगळं सरळ रेषेत आणलंस. ‘मले’चं ‘मला’ केलंस. बाळंतिणीची सासू आता सदाशिव पेठेत जन्मल्यासारखी बोलते. आणि ज्याला खरोखर हात लावायचा, ते मात्र तसंच राहिलं! १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीचा कायदा आला, असं बाईंनी लिहिलंय. अगं, कायदा १९७७चा. दुष्काळात कामं निघाली होती, खडी फोडायला बायका जात होत्या, ते खरं. पण कायदा नंतरचा. इतकी भाषा घासलीस आणि साल तपासलं नाहीस.

तू म्हणशील, मावशी स्वतः मुद्रितशोधक, तिला ऱ्हस्व-दीर्घापलीकडे काय कळणार! बरोबर आहे, माझी सुरुवात तिथलीच. छापखान्याच्या पोटमाळ्यावर गॅली वाचायची, शेजारी कुणीतरी मूळ प्रत मोठ्यानं म्हणायची. त्या कामानं एक सवय लावली: मूळ प्रतीत काय आहे, ते आधी बघायचं. तिथे संशय आला तर समासात प्रश्नचिन्ह करायचं, उत्तर लेखकानं द्यायचं. पुढे नोकरी सुटली आणि घरीच कामं घेऊ लागले, तेव्हाही मी तेवढंच भांडवल वापरलं. अजून पहिलं वाचन पेन्सिल न घेता करते. दुसऱ्यात शंका टिपते. मग लेखकाला पत्र लिहिते: हे मला कळलं नाही, इथे आणखी हवं होतं, हा माणूस मध्येच कुठे गेला? पुन्हा लिहायचं काम त्याचं.

ही काही माझी अक्कल नाही. गिरगावातल्या खटाववाडीत ‘मौज’ प्रकाशनाच्या कचेरीत बसून श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हेच करत होते. लेखकांना लांबलचक पत्रं जायची, कथा परत यायची, पुन्हा जायची. पटवर्धनांची स्वतःची लेखणी काय ताकदीची होती, ते त्यांचा ‘पाडस’ हा अनुवाद वाचलेल्याला सांगायला नको. तो माणूस दुसऱ्याच्या कथेपुढे मात्र प्रश्न घेऊन बसायचा. आणि तरीही १९६९ साली तरुण लेखकांनी त्यांच्या ‘सत्यकथा’ मासिकाची होळी केलीच. साहित्य कशाला म्हणायचं हे ठराविक लोक ठरवतात, हा त्यांचा राग होता. इतक्या जपून काम करणाऱ्यांवर ही वेळ आली, तिथे तू तर थेट अख्खं प्रकरण बदललंस!

शुद्धलेखनाच्या नियमांचा आधार देऊ नकोस. ते १८ नियम मी तुझ्याआधी पाठ केलेत. त्यांतच बोलण्यातली ‘केलं’, ‘असं’ ही रूपं कशी लिहायची ते सांगितलंय. केशवसुतांपूर्वीची कविता आणि चिपळूणकरांपूर्वीचं गद्य मुळाबरहुकूम छापा, हेही त्यांतच आहे. जुन्या लेखकांना एवढा मान आणि यवतमाळच्या बाईंना नाही? लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेल्या नव्हत्या, त्यांना अक्षरं पती ना. वा. टिळकांनी शिकवली. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ कुणी अशी सुटसुटीत केली असती तर आज कोण वाचतं? बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकात आली, अत्र्यांनी प्रस्तावना लिहिली, पण भाषा त्या माउलीचीच राहिली.

तुझ्या मेलमधल्या एका वाक्यानं मला खरी धास्ती भरली. ‘बाईंची काही हरकत नाही, त्या म्हणाल्या, तुम्हाला योग्य वाटेल तसं करा.’ चिमे, पहिल्यांदा लिहिणारी बाई दुसरं काय म्हणणार? पुण्याची शिकलेली मुलगी म्हणते आहे, तर आपलंच चुकलं असणार, असं तिला वाटतं. याला होकार म्हणत नाहीत. ती तोंडानं ‘छान झालंय’ म्हणेल, पुस्तक नातेवाइकांना वाटेल आणि पुन्हा वही उघडणार नाही. तिच्याकडे अजून किती बाळंतपणं, किती साथी, किती गावं सांगायची उरली असतील! माझा जीव त्यात अडकलाय.

आता तुझे प्रश्न. दर आधी सांगूच नकोस. दहा पानं करून बघ, तास मोज, मग आकडा ठरव. काय करणार आणि काय नाही, ते कागदावर लिही. अर्धे पैसे आधी घे. पुस्तक निघाल्यावर देतो म्हणणाऱ्यांचं काय होतं, ते तू पाहिलंयस. एकच शब्द दोन तऱ्हांनी येत असेल तर त्याची यादी करत जा. डोळे तपासून घे, रात्री पडद्यावर वाचत बसतेस ते बंद कर. राहिलं नाव. श्रेयनामावलीत बारीक टाइपात आलं तर येऊ दे, मागू नकोस. या पुस्तकापुरतं तर मुळीच नको.

बाईंची मूळ फाईल तुझ्याकडे आहे ना? ती काढ, छापून घे आणि यवतमाळला जा. फोनवर भागवू नकोस. त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घे, अडलं तिथे विचार, त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घे. गाडीभाडं मी देते.

तुझी,
मावशी